वळणावरची विहीर आणि बायचं दुकान

रस्ता रुंद करा, म्हणून बाजारातल्या लोकांनी जो अर्ज दिला, त्यावर पहिली सही माझ्या बहिणीची होती. हे आधी सांगतो, कारण पुढे लोक म्हणायला लागले, बिचारीला काही कळलंच नाही. तिला सगळं कळत होतं. त्या अर्जाच्या आदल्या वर्षी आमचे वडील गेले, आणि ते कसे गेले ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आमचं घर वसई गावातल्या जुन्या बाजारात, वळणावर. पुढे शिलाईचं दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर मंगलोरी कौलं. वडील टेलर होते. त्यांची नजर अधू झाली तसं दुकान बहिणीने हातात घेतलं. मोठ्या बहिणीला आम्ही बाय म्हणतो. तिने लग्न केलं नाही. मी लग्नानंतर माणिकपूरला फ्लॅट घेतला, ती वडिलांजवळ राहिली. घरात आम्ही आमच्या बोलीतच बोलायचो. इथे ते सरळ मराठीत लिहितो आहे, कारण ती बोली कागदावर उतरवायला माझा हात वळत नाही.

बायची ख्याती होती ती मुलींच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीच्या, फ्रॉकसाठी. तो मोसम जवळ आला की दुकानात पांढऱ्याशिवाय दुसरा रंग दिसायचा नाही. शेजारच्या होळी गावापासून आगाशीपर्यंतच्या बाया पोरींना घेऊन यायच्या. पोरीला स्टुलावर उभं करून बाय तोंडात टाचण्या धरून भोवती फिरायची आणि टाचण्यांच्या फटीतून बोलायची, "हलू नको गं, नाहीतर अल्तारासमोर तिरकी दिसशील." तिने शिवलेला फ्रॉक थोरल्या बहिणीनंतर धाकटी घालायची, मग मामाची मुलगी. तो वाढवता यावा म्हणून शिवणीत ती कापड मुद्दाम जास्त ठेवायची.

दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, दगडी विहीर होती. किती जुनी ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. दगड किल्ल्याच्या तटासारखा, आत उतरायला अरुंद पायऱ्या, काठावर एक छोटा क्रूस. होळीच्या वाड्यांतून भाजी घेऊन येणाऱ्या बाया सकाळी टोपल्या तिथे उतरवायच्या. अळूच्या आणि माठाच्या जुड्यांवर पाणी मारायच्या, हातपाय धुवायच्या आणि बायच्या ओट्यावर येऊन टेकायच्या. त्यांतली एक दात पडलेली म्हातारी रोज म्हणायची, "या पान्याने भाजी हसते बग." लहानपणी मी खरंच जुड्यांकडे बघत बसायचो, हसतात का ते.

वडिलांच्या छातीत कळ आली ती दुपारी, जेवण झाल्यावर. बायने फोन करून अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्स वेळेवर आली, पण वळणाच्या अलीकडेच थांबली. वळणात एक टेम्पो फरशा उतरवत होता, त्याच्या मागे दुसरा, आणि मध्ये दोन रिक्षा नाकाला नाक लावून. मी माणिकपूरहून पोचलो तेव्हा वरचा दिवा नुसता फिरत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. शेवटी शेजारच्या दोघांनी वडिलांना दुकानातल्या खुर्चीवर बसवून उचलून आणलं. बाय बाजूने चालत होती, तिचा हात त्यांच्या डोक्यामागे. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि आमच्याकडे पाहिलं.

दफनविधी आटोपून घरी आलो. बाय ओट्यावर उभी राहून वळणाकडे बघत होती. म्हणाली, "बाबू, हा रस्ता मोठा व्हायला पाहिजे. आणखी कुणाला असं खुर्चीवरून न्यायला नको."

म्हणून ती सही.

मी एका खाजगी फर्ममध्ये ड्राफ्ट्समन होतो. रस्ते, नाले, पाण्याच्या टाक्या, असली कामं आमच्याकडे सर्व्हे आणि नकाशांसाठी यायची. बाजारातल्या रस्त्याचं कामही फिरत फिरत आमच्याकडेच आलं. "तू तिथलाच ना?" म्हणत साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं.

पहिला नकाशा सरळ होता. आहे त्या रस्त्याच्या मध्यावर रेघ, दोन्ही बाजूंना सारखं रुंदीकरण. त्यात आमचा ओटा जात होता आणि पलीकडची विहीर पूर्ण जात होती. बुजवून वर डांबर. ते बघून मला जेवण गेलं नाही. रस्ता हवा, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण ती विहीर!

आमच्या शाळेत इतिहास शिकवणारे सर तेव्हा निवृत्त होऊन किल्ल्याच्या आसपास फिरत असायचे. मी त्यांना गाठलं. पुढचे चार-पाच रविवार आम्ही दोघं टेप आणि कागद लावलेली फळी घेऊन विहिरीत उतरलो. सर वरच्या पायरीवर बसून आकडे लिहून घ्यायचे, मी खाली शेवाळात उभा राहून मापं सांगायचो. आतल्या दगडांवर पाथरवटांच्या खुणा होत्या. कुठे बाण, कुठे चौकट. एका दगडावर तर नुसता पंजा. त्या पंज्यावर मी माझा हात ठेवून पाहिला, माझ्या हाताहून लहान होता. मी आयुष्यात काढलेल्या नकाशांत त्या विहिरीचा नकाशा सगळ्यात चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

विहिरीवर असलो की बाय दुकानातून चहा पाठवायची नाही, स्वतः घेऊन यायची. वाकून आत बघायची. "काय सापडलं?" मी पंज्याचं सांगितलं तर म्हणाली, "एवढी वर्षं पाणी भरलं, कधी दिसला नाही."

सगळं बाड घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण रस्त्याची रुंदी कमी होणार नाही. ही ठेवायची तर रेघ समोरच्या बाजूला सरकेल. समोर काय आहे?"

"माझ्या बहिणीचं दुकान."

साहेबांनी नकाशा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बघ बाबा. तुझं घर आहे."

तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणालो, "साहेब, उलट बरंच आहे. माझ्याच घराची जागा जाते म्हटल्यावर बाकीचे कुरकुर करणार नाहीत." बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. त्यागाचा. ज्या घरात मी पंधरा वर्षं राहत नव्हतो त्या घराच्या त्यागाचा.

कॉम्प्युटरवर रेघ सरकवायला काही क्षण लागतात. सरकवल्यावर ती दुकानाच्या मधोमध आली. मी हिशेब केला: पुढची भिंत आणि निम्मं दुकान जाईल, मागे नवी भिंत घालता येईल, मागच्या एका खोलीचं दुकान होईल. एक खोली कमी, एवढंच. नकाशावर ते तसंच दिसत होतं. घराचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मी काढलाच नाही. काढला असता तर छपराचा निम्मा भार त्याच पुढच्या भिंतीवर आहे, हे मला माझ्याच हाताखाली दिसलं असतं. विहिरीचे मी चार सेक्शन काढले होते.

बायला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. पाहिजे तेव्हा पाहिजे ती सबब मिळायची. नाताळात मी आणि बायको तिच्याकडे गेलो, तर ती कुणाचातरी फ्रॉक उलगडून बसलेली. विहीर वाचणार म्हटल्यावर तिने मशीनवरचे हात उचलून टाळी वाजवली. "तू केलंस ते?" मी हो म्हटलं. तिने मला आत नेऊन माझ्या ताटलीत नाताळच्या करंज्या, आमच्या नेवऱ्या, आणखी दोन वाढल्या. आता सांगावं, असं मनात आलं. बायकोने माझ्याकडे पाहिलंही, तिला माहीत होतं. मी नेवरी खात राहिलो.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. बाजारातले सगळे आले होते, बायही आली, चर्चला जाताना नेसायची ती साडी नेसून. ती नकाशाजवळ गेली, चष्मा लावला आणि बोटाने रस्ता शोधत शोधत वळणापर्यंत आली. मी मागे साहेबांच्या बाजूला बसलो होतो. तिचं बोट आमच्या घरावर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"ही रेघ इकडे कशी?" तिने तिथे उभ्या असलेल्या तरुण इंजिनिअरला विचारलं. "अर्जात तर मध्यातून म्हटलं होतं."

त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. "मॅडम, विहिरीसाठी शिफ्ट केली आहे. ड्राफ्ट्समन तुमच्या गावचेच आहेत, ते समजावतील." आणि त्याने माझ्याकडे हात केला.

बायने वळून पाहिलं. हॉलमध्ये बरीच माणसं होती, पण मला आता त्यांतलं कुणी आठवत नाही. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. तिचं नाव पुकारलं, हरकत आहे का विचारलं. ती उभी राहिली.

"हरकत नाही. विहीर राहू दे."

बाजारातल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

परत जाताना मी तिच्या बरोबर चालत होतो. मी बोलत सुटलो होतो. मागे भिंत घालू, खोलीचं दुकान करू, खिडकी मोठी ठेवू, मोबदला मिळेल त्यात सगळं बसेल. ती पदर सावरत पुढे चालत होती. ओट्याशी आल्यावर कुलूप काढता काढता म्हणाली, "मला आधी विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

"माहीत होतं, मग विचारलं का नाहीस?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही आणि नंतरही दिलं नाही. ती आत गेली. दार लावलं नाही, उघडंच ठेवलं, पण मला आत जाववलं नाही.

पाडकाम सुरू झालं तेव्हा मी रजा काढून हजर होतो. कामगारांनी आधी दुकानाची पाटी उतरवली, मग कौलं. पुढची भिंत अर्धी उतरली आणि मागच्या खोलीच्या भिंतीला वरून खालपर्यंत भेग गेली. मुकादम ओरडला, सगळे बाहेर पळाले. बाय मागच्या दाराने कापडांचे गठ्ठे काढत होती, तिला मी दंडाला धरून ओढलं. छपराचं आढं एका बाजूला झुकलं आणि तसंच लोंबकळत राहिलं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर येऊन बघून गेले. घर धोकादायक, पूर्ण उतरवावं लागेल. आणि उतरवल्यावर जी जागा उरली ती इतकी अरुंद होती की नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडून तिच्यावर काही बांधताच येईना. हा नियम मला तोंडपाठ होता. रोज लोकांच्या नकाशांना मी तो लावत होतो.

बाय आमच्याकडे माणिकपूरला काही महिने राहिली. मी म्हटलं कायमची राहा. ती म्हणाली, "तुझ्या घरात माझा श्वास कोंडतो." मग विरारला, स्टेशनपासून बरीच आत, एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर तिने घर घेतलं. चांगली इमारत होती, लिफ्ट होती, पाणी होतं. मशीन तिने बेडरूमच्या खिडकीशी लावलं. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, दुपारी खडखड होते, बाळ झोपत नाही. तिने मशीनखाली चटई घातली, वर आणखी एक घातली. मग दुपारचं शिवणं बंद केलं. पण शिवायला तरी काय होतं? तिथे ओटा नव्हता, बसून गप्पा मारणारं कुणी नव्हतं. शेजारी कोकणातले, देशावरचे, भली माणसं, पण सकाळी दार ओढून कामाला जाणारी. ब्लाउजला हुक लावून द्या, जीन्स आखूड करून द्या, एवढंच काम यायचं. पहिल्या वर्षी कम्युनियनच्या मोसमात तिने पांढऱ्या कापडाचा तागा आणून ठेवला होता. एकच फ्रॉक शिवला, आमच्या एका भाचीच्या मुलीचा. पुढच्या वर्षी तागा आणलाच नाही.

रस्ता झाला. चांगला झाला, हे नाकारून चालणार नाही. त्याच वर्षी बाजारातल्या एका वयस्कर कापडवाल्याला झटका आला, गाडी थेट त्याच्या दारात आली आणि तो वाचला. आज काठी घेऊन चर्चच्या पायऱ्या चढतो. त्याची बायको मला दिसली की हात जोडते. मी तिचे हात खाली करतो, आणि त्या वेळी मला खरोखर बरं वाटतं, मग दिवसभर वाटत नाही.

विहिरीचंही झालं. भोवती लाद्या बसवल्या, कठड्याला जाळी लावली, कुणी आत पडू नये म्हणून वर लोखंडी झाकण आणि कुलूप. दिवे लावले. इतिहासाच्या सरांच्या मदतीने मी माहिती लिहिली, ती दगडात कोरून लावली. किल्ला बघायला येणारे थांबून वाचतात, फोटो काढतात. होळीच्या बाया आता तिथे थांबत नाहीत. थांबायला जागा नाही, आणि टेकायला ओटाही नाही. पाणी उपसणं बंद झालं तसं ते हिरवं पडलं.

एकदा, विरारला जाऊन तीनेक वर्षं झाली असतील, बाय आपण होऊन म्हणाली, "मला विहीर दाखव." इतके दिवस ती बाजाराकडे फिरकलीच नव्हती. रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेलाही तिकडच्याच चर्चमध्ये जायची. मी तिला रिक्षाने घेऊन आलो. तिचे गुडघे गेले होते, माझ्या खांद्याला धरून उतरली. विहिरीपाशी गेली, जाळीतून आत पाहिलं, क्रूसाला हात लावून कपाळाला लावला. मग वळली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. जिथे दुकान होतं तिथे स्कूटर लावलेल्या होत्या. दोन स्कूटरच्या मध्ये ती उभी राहिली, अगदी मशीनच्या जागी, पश्चिमेकडे तोंड करून.

"इथे उजेड चांगला यायचा," ती म्हणाली. "पांढऱ्यावर पांढरा दोरा दिसायचा. तिकडे दिसत नाही."

मी तिला तिथेच सांगायला हवं होतं. मी घाबरलो होतो, तू नाही म्हणशील म्हणून नव्हे, तू हो म्हणशील आणि मग तुझ्या घराचं पुढे काय, याचा मला विचार करावा लागेल म्हणून. ते मला सुचलं तिच्या जाण्यानंतर. त्या वेळी मी म्हटलं, "ऊन फार आहे, चल." आणि ती निघाली.

ती गेल्या ईस्टरच्या आधी, प्रायश्चित्तकाळात गेली. आजारपण लांबलं नाही. तिला वडिलांशेजारी ठेवायचं, हे ठरलेलंच होतं. म्हणून मिस्सा आमच्या जुन्या चर्चमध्ये झाली. मला वाटलं होतं वीस-पंचवीस माणसं येतील. चर्च निम्मं भरलं. बायाच जास्त होत्या. तिशीच्या, चाळिशीच्या, काही माझ्या वयाच्या. मला त्यांतल्या फारशा ओळखू आल्या नाहीत. दफनभूमीत माती लोटून झाल्यावर त्या एकेक करून जवळ येऊ लागल्या. माझा फ्रॉक तिने शिवला होता. माझा आणि माझ्या दोन्ही बहिणींचा. माझ्या फ्रॉकच्या आत तिने माझ्या आईच्या लग्नाच्या साडीचा तुकडा लावून दिला होता. प्रत्येक बाई आपापला फ्रॉक सांगत होती आणि मी मान हलवत होतो.

शेवटी होळीची एक बाई आली, सोबत तिची दहा-बारा वर्षांची मुलगी. म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी हिच्या कम्युनियनच्या वेळी मी बायला किती शोधलं. बाजारात जाऊन विचारलं. कुणी म्हणालं विरारला गेली, कुणी म्हणालं नालासोपाऱ्याला. पत्ता कुणालाच माहीत नाही. मग हिला दुकानातला तयार फ्रॉक घेतला." तिने डोळे पुसले. "दुकान हलवलं तर तिथे पाटी तरी लावायची ना दादा, कुठे गेली म्हणून. आम्ही आलो असतो विरारला. ट्रेनने काय, अर्धा तास."

त्या विहिरीवर दगडात कोरलेली माहिती आहे. ती मी तीनदा लिहिली होती, एकेक शब्द सरांना दाखवून. बायच्या जागी एक पुठ्ठा अडकवून त्यावर तिचा पत्ता लिहायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "हो. लावायला हवी होती."

ती काही क्षण थांबली, मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मग मुलीने कबरीवर ठेवायला आणलेला मोगरा ठेवला आणि दोघी फाटकाकडे गेल्या.